बांध की बंद

इस्राएलच्या दक्षिणेत, नेतिवोतपासून अर्ध्या तासावर, कोरड्या ओढ्याच्या काठी आमची खडीची खाण होती. मी तिथे कचेरीतला टेलिफोन सांभाळत असे आणि माझे बाबा, येहेझकेल, पाणी. पावसाचं पाणी खाणीत उतरू नये म्हणून भोवतीचे चर साफ ठेवायचे, आलेलं पाणी तळ्यात निवळू द्यायचं आणि नितळ झालं की पाटानं शेजारच्या संत्र्यांच्या बागेला सोडायचं, हे त्यांचं काम. बागवाले गढूळ पाणी घेत नसत. "यांच्या झाडांना चहासुद्धा गाळून द्यावा लागेल," बाबा म्हणत.

चर ओढ्याला मिळे तिथे, पुराचं पाणी उलटं आत शिरू नये म्हणून, लाकडी झडप होती. आम्ही सोडून आलेल्या कोकणात, रेवदंड्याच्या खारजमिनीत, अशा झडपेला उघाडी म्हणतात, म्हणून बाबाही उघाडीच म्हणत. वर्षभरात रुमानियन, मोरोक्कन, सगळ्या कामगारांच्या तोंडी तोच शब्द बसला. मुकादम योराम हिब्रूत चिडवायचा, "येहेझकेल, आणखी दहा वर्षांनी ही खाण मराठीच बोलेल."

"बोलू दे," बाबा म्हणायचे. "माझी मुलगी बोलत नाही, निदान खाण तरी."

मी हसून हिब्रूतच उत्तर देत असे.

१९६३च्या जानेवारीत एका सकाळी पूर्वेच्या डोंगरांत पाऊस झाला. उघाडीजवळच्या पंपाच्या खोपटातून बाबांचा फोन आला. खरखरीतून तीनच शब्द पोचले. "उघाडी... बंद... सांग."

मी योरामला सांगितलं, उघाडी बंद आहे. तो निर्धास्त झाला. कोणी तिकडे गेलं नाही. अर्ध्या तासानं ओढा चरात शिरला आणि खोपट घेऊन गेला. बाबा दुसऱ्या दिवशी सापडले. झडप सापडलीच नाही; त्या जागेचं नाव मात्र उघाडीच राहिलं.

सात दिवसांच्या सुतकात, जमिनीवर बसले असताना, मला वाटलं की ते ‘बांध’ म्हणाले असतील. मातीचा बांध घालायला माणसं पाठव, असं. इथल्या बारा वर्षांच्या हिब्रूनं माझ्या कानातला अ आणि आ मधला फरक झिजवला होता, आणि ध तर त्या भाषेत नाहीच. बंद असेल तर तो अपघात. बांध असेल तर चूक माझी. हे मी कोणाला सांगितलं नाही. दोन शब्दांतला फरक कळेल असं खाणीत कोणी उरलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात बाबांच्या जागी मेईर आला. मोरोक्कोचा, तिशीतला, अबोल. तो चर खालच्या टोकापासून वरच्या टोकाकडे साफ करी. तशी पद्धत फक्त बाबांची होती. "कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"म्हाताऱ्यानं. बागेतला असेल."

बागेत म्हातारं कोणी नव्हतं.

डिसेंबरात एका दुपारी तो चिखलाच्या हातांनी कचेरीच्या दारात आला. बाहेर ऊन होतं. वाऱ्यावर पिकल्या संत्र्यांचा वास येत होता.

"सोफी, बांध म्हणजे काय?"

आ पुरता लांब होता. ध श्वासासकट होता.

"कुठे ऐकलंस?"

"उघाडीपाशी. म्हातारा सारखं तेच म्हणतोय. चिडलाय."

मी योरामला सांगितलं, उघाडीवर माणसं पाठव, माती घाल. त्यानं निरभ्र आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बुलडोझर पाठवला.

बांध पुरा झाला आणि थोड्याच वेळात ओढा आला. तपकिरी, फेसाळ, झुडपं ओढत. बांधाला धडकला आणि वळला. माणसं टोप्या काढून उभी राहिली. मग एकेक करून निघून गेली.

मी आणि मेईर तेवढे उरलो. ओल्या मातीचा वास येत होता. पाण्याच्या आवाजात मी मराठीत विचारलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मोठ्यानं मराठी बोलत होते.

"बाबा, त्या दिवशी काय म्हणाला होतात?"

मला काही ऐकू आलं नाही.

मेईर मात्र माझ्या खांद्यापलीकडे पाहत होता. वडीलधारं माणूस बोलत असताना थांबावं, तसा थांबला होता. मधे एकदा त्यानं मान डोलावली. एकदा हलकंसं हसला. मग त्याचा चेहरा उतरला.

शेवटी तो माझ्याकडे वळला.

"काय म्हणाले?"

"खूप लांब आहे, सोफी," तो म्हणाला. "बांध एकच शब्द होता. तुमच्या भाषेतलं एवढं सगळं मला बोलून दाखवता येणार नाही."