चार पावलांचा पिंजरा

चीनच्या ईशान्य टोकाला, हुनछुनला माझं मांसाचं दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. सर्कशींतून सोडवलेल्या वाघांसाठी क्वान डॉक्टरीणबाईंनी गावाबाहेर आसरा काढला होता. दर मंगळवारी मी गाडी भरून मांस पोचवायचो. बाई पाटीत डोकावून म्हणायच्या, "छ्यू मालक, सगळी हाडंच की हो!"

"हाडं फुकट, बाई. मांस तेवढं विकत."

मग आंबट कोबीच्या वाफाळत्या करंज्या, चहा आणि तासभर गप्पा. काय दिवस होते ते!

त्या मंगळवारी मात्र बाई हसल्या नाहीत.

चौदा वर्षं चाकांच्या पिंजऱ्यात काढलेली एक म्हातारी वाघीण आदल्याच दिवशी आली होती. आता तिच्याभोवती मोकळं कुरण होतं. पण ती मधोमध चार पावलं जायची, वळायची, चार पावलं यायची. नसलेल्या गजांना अंग घासत वळायची. पलीकडे उबदार खोलीचं दार सताड उघडं होतं.

"आज उणे तीसवर जाणार," बाई म्हणाल्या. "पुन्हा भूल दिली तर हिचं हृदय थांबेल. हिनं आपणहून आत जायला हवं. नाहीतर सकाळी..."

आमच्या डोंगराकडे त्या जनावरासमोर त्याचं नाव घेत नाहीत. मी कुंपणाशी जाऊन हळूच म्हणालो, "आजीबाई, चला की आत."

"असं नाही ऐकायची ती. सर्कशीत दार उघडण्याआधी कडी दोनदा आपटतात. तुमच्या गाडीला लोखंडी कडी आहे ना, मालक?"

मी गाडीच्या मागच्या फळीची कडी आपटली. ठण्ण... ठण्ण...

वाघीण थबकली. वारा पडला होता. कुठूनसा गंजाचा वास आला. आणि तिच्या पुढ्यात, जिथे नुसतं गोठलेलं गवत होतं, तिथे जड दार करकरत उघडल्याचा आवाज झाला.

"मालक... ते तुम्ही...?"

"माझा हात कडीवरच आहे, बाई..."

ठेंगण्या चौकटीखालून जावं तशी वाघिणीनं मान लववली, पाऊल बाहेर टाकलं आणि सरळ खोलीत गेली. बाई रडल्या. मीही रडलो, सांगायला लाज कसली!

रात्री बर्फ पडला. सकाळी बाईंचा निरोप आला म्हणून धावत गेलो. बंद खोलीत आजीबाई घोरत होत्या. बाहेर, त्या चार पावलांच्या जागेत, कोवळ्या बर्फावर ठसे होते. जाणारे, येणारे. आजीबाईंच्या पंजाच्या निम्मे.

"हिच्यासोबत पिंजऱ्यात एखादं पिल्लू होतं का हो?"

"कागदावर तर नाही..."

मी कडी आपटली. हात बधिर होईतो आपटली. काही उघडलं नाही.

आजीबाई पुढे पाच वर्षं उन्हात लोळत सुखानं जगल्या. बर्फ पडला की मी जायचो, कडी आपटून बघायचो. ठसे दर वेळी ताजेच असायचे. पाच वर्षांत ते वाढले मात्र नाहीत.