चौदावी काच

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्या डोक्यावरून मागे बघत होता.

"बाई, खुर्ची जरा सरकवा," तो म्हणाला. "ती काच आज पडणार."

मी निर्वासित केंद्रात नोंदणीच्या टेबलाशी बसले होते. सीमेवरून आलेली सकाळपासूनची तिसरी बस, बाहेर तिरका पाऊस, समोर तीनशे माणसांची रांग. अशा वेळी कुणी मला ऊठबस करायला सांगितलेलं अजिबात खपत नाही.

"आधी तुमची माहिती सांगा. काचेचं मी बघते."

"तुम्ही कशा बघणार? ती तुमच्या पाठीमागे आहे."

रांगेतलं कुणीतरी हसलं. मी फणकाऱ्यानं खुर्ची सरकवली. दोन बोटं फक्त, जास्त नाही. तो ओठ दाबून हसला. कानामागे पेन्सिल, शर्टाला एकच बटण, आठ दिवसांची दाढी... आणि अशा अवतारात याला हसू सुचत होतं! मला राग आला, आणि त्या रागात मी अर्धं मिनिट फॉर्म उलटा धरून बसले.

"काम काय करायचात?"

"खिडक्यांना काचा बसवायचो. लढाई सुरू झाली तेव्हा धंदा जोरात होता. मग खिडक्याच संपल्या."

त्याच्या शेजारी एक बाई उभी होती. तिच्या कडेवर पाचेक वर्षांची मुलगी, एका डोळ्यावर पट्टी बांधलेली.

"या दोघी?"

"माझ्याबरोबर आहेत."

"बायको आणि मुलगी?"

तो गप्प राहिला. त्या बाईनं त्याची बाही धरली. मागून रांग रेटा देत होती. मी लिहून टाकलं: पत्नी. मुलगी.

दुपारी मी जेवायला उठले आणि ती काच पडली. बरोबर खुर्चीवर.

मी दुभाषी. बारा वर्षांपूर्वी आईचा हात धरून मीही अशाच एका बसमधून इथं उतरले, म्हणून या माणसांची भाषा माझी आणि साहेबलोकांची भाषा शिकलेली. आमच्या कामात एक नियम फार कडक आहे. समोरचा 'मी' म्हणाला की दुभाष्यानंही 'मी'च म्हणायचं. 'तो म्हणतोय की' असलं काही चालत नाही. त्यामुळे मुलाखतीच्या त्या लहानशा खोलीत मी तीनदा विधवा झालेय, एकदा पाच मुलांचा बाप, आणि एकदा तर चक्क ऐंशी वर्षांचा आजोबा, ज्याला फक्त आपल्या कुत्र्याबद्दल बोलायचं होतं. संध्याकाळी घरी गेल्यावर आई विचारते, "आज कोण होतीस गं?"

दुसराही एक नियम आहे. कुणी गप्प राहिलं तर 'गप्प आहेत' एवढंच सांगायचं. त्याच्या तोंडात आपला शब्द घालायचा नाही. तो नियम मी त्या दिवशी मोडला होता आणि मला पत्ताही नव्हता.

केंद्रात फुटक्या काचा चौदा होत्या. काचवाला तिसऱ्या दिवशी आपणहून कामाला लागला. मोजपट्टी नव्हती म्हणून तो विती मोजायचा. चौकटीवर हात पसरायचा, पुटपुटायचा, कानामागची पेन्सिल काढून तळहातावर आकडा लिहायचा. काच कापताना एक बारीक कुरकुर व्हायची आणि त्याचा श्वास थांबायचा. माझाही थांबायचा. का, ते मी स्वतःला विचारत नव्हते.

"माझ्या टेबलामागची कधी बसवणार?" मी एकदा विचारलं. "पुठ्ठा लावलाय तिथं. पाठीत गारठा भरतो."

"ती शेवटी. चौदावी."

"का म्हणून?"

"ती बसली की इकडे यायला कारण काय सांगू?"

मी कागदात डोकं घातलं. कानशिलं तापली होती. "बायकोला सांगू का, नवरा फार बोलायला लागलाय म्हणून?"

त्याचं हसू मावळलं. तो पेन्सिल कानामागे ठेवून निघून गेला. मला स्वतःची शरम वाटली. लग्न झालेला माणूस, मुलगी अशी आजारी... आणि मी घरून निघताना आरशासमोर दोनदा उभी राहत होते!

पुढे महिनाभर मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. तो रोज एक काच पुसायचा, बसवलेलीच परत पुसायचा. मग एका दुपारी मी मोठ्या हॉलमध्ये गेले. तिथं चादरी टांगून एकेका कुटुंबाला जागा पाडून दिलेली असते. चादरीपलीकडून त्याचा आवाज आला.

"वहिनी, भिंगरीच्या डोळ्यात थेंब घातलेत का?"

"घातले, भावजी."

मी तिथंच उभी राहिले. स्वतःच्या बायकोला कुणी वहिनी म्हणत नाही. मला झालेला आनंद इतका मोठा होता की मी जिन्यात जाऊन बसले, आणि दोन मिनिटांनी लक्षात आलं की आपण काय लिहून बसलोय.

त्यानं त्या दिवशी सगळं सांगितलं. थोरला भाऊ मागेच राहिला, कायमचा. भावाच्या घराला काचा यानंच बसवल्या होत्या. "जाड काच बसव म्हणाला होता दादा. मी म्हटलं, पातळ छान दिसते. उजेड जास्त येतो..." तो तळहातावरचा आकडा पुसत राहिला. "स्फोट रस्त्यापलीकडे झाला. जाड असती तर तडकली असती नुसती. भिंगरी खिडकीत उभी होती."

"मग त्या दिवशी गप्प का राहिलात? नाही म्हणायचं होतं!"

"नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. वहिनीनं बाही धरली. बसमध्ये कुणीतरी सांगितलं होतं, एकटी बाई असली की तिची फाइल वेगळी होते. तेवढ्यात तुम्ही लिहिलंत. मला वाटलं, सुटलो." त्यानं कानामागची पेन्सिल काढून परत खोचली. "तुम्ही रोज दिसाल हे तेव्हा कुठं माहीत होतं?"

त्यानं माझ्या बाहीवरचा काचेचा कण चिमटीनं अलगद उचलला, उजेडात धरून पाहिला आणि खिशात टाकला. एवढाच काय तो आमचा स्पर्श.

आमची अडचण अगदी सरळ होती. भिंगरीचा फुटलेला डोळा आता दुसऱ्या, चांगल्या डोळ्यालाही अंधारात ओढत होता. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने, फार तर. इथं नुसते थेंब मिळत होते. ऑपरेशन दुसऱ्याच एका देशात, आणि तो देश त्यांच्या फाइलवर राजी झाला होता, शेवटची मुलाखत तेवढी बाकी होती. कुटुंब एक, माणसं तीन, कमावता पुरुष एक. नात्यात दुरुस्ती केली तर फाइल उघडणार, चौकशी लागणार, दीड-दोन वर्षं. आणि दुरुस्ती नाही केली तर तो नवरा म्हणून जाणार. तिकडे तपासणीला माणसं घरी येतात, कायमचे कागद व्हायला सात-आठ वर्षं लागतात, आणि लबाडी उघडी पडली तर तिघांची परत पाठवणी. मी मागून जावं म्हटलं तर माझ्याच कार्डावर 'तात्पुरती' लिहिलंय. एकदा बाहेर पाऊल टाकलं की परत आत येता येत नाही, आणि आईला माझ्याशिवाय कुणी नाही.

तरीही मी तो दुरुस्तीचा फॉर्म भरला. खरंच भरला. 'पत्नी' खोडून 'भावजय' लिहिलं, खाली 'नोंद करताना दुभाष्याची चूक' असं लिहून सही केली. चार दिवस तो माझ्या पर्समध्ये होता. चूक माझी, खरं तेच लिहिलेलं, मग यात वाईट काय, असं मी स्वतःला बजावत होते.

पाचव्या दिवशी वहिनी भिंगरीला घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"मी भावजींना म्हटलं, तुम्ही राहा. आम्ही दोघी परत रांगेत उभ्या राहू," ती म्हणाली. "माझ्यासाठी त्यांनी आयुष्य का जाळावं? ते तुमच्याकडे कसे बघतात ते मला दिसतं हो. मी आंधळी नाही."

बोलून गेली आणि तिनंच जीभ चावली. भिंगरी टेबलावर चढून बसली होती. मी तिला हसवायला बोटं दाखवली. "ही किती?"

"तीन."

"शाब्बास! आणि ही?"

तिनं मान पुढे केली, मग आणखी पुढे, माझ्या हाताला नाक लागेपर्यंत. "ताई, तू हात हलवतेस का गं?"

मी हात हलवत नव्हते. तो फॉर्म मी त्याच संध्याकाळी फाडला.

त्यानंतर आमची तालीम सुरू झाली. मुलाखतीचं रेकॉर्डिंग होतं, दुसरा दुभाषी ते नंतर ऐकून शब्द न् शब्द ताडून बघतो. वहिनीच्या तोंडून एकदा 'भावजी' निघालं की खेळ खलास. म्हणून मुलाखतीच्या आधीचे दहा दिवस, दुपारच्या सुट्टीत, त्या दोघांना नवरा-बायको व्हायला मी शिकवलं. मी!

"अहो म्हणा."

"अहो... भावजी," वहिनी म्हणाली आणि आम्ही तिघंही हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, आणि मग ते पाणी थांबेना.

"तुम्ही 'अगं' म्हणा," मी त्याला म्हटलं.

"कुणाला?"

"वहिनींना. म्हणजे... बायकोला."

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "अगं..." आणि खाली बसला. तेराव्या काचेचं काम संपून तेव्हा आठवडे झाले होते. चौदावी चौकट अजून पुठ्ठ्यावरच होती.

"मी थांबेन," मी हळूच म्हटलं. "सात काय, आठ काय..."

"थांबू नका," तो म्हणाला. "तुम्ही थांबलात तर मला तिकडे एक दिवसही राहवणार नाही."

मुलाखतीच्या दिवशी अधिकारी बाईंनी रेकॉर्डरचं बटण दाबलं. तो माझ्या डाव्या हाताला, शेजारी वहिनी, मांडीवर भिंगरी. आता कुणालाच कुणाशी वेगळं काही बोलता येणार नव्हतं. एक-एक प्रश्न पार पडत गेला. वहिनी 'अहो' म्हणाली, अगदी सहज. मला तिचं कौतुक वाटलं.

"तुम्ही यांना पहिल्यांदा कुठे पाहिलंत?" बाईंनी त्याला विचारलं.

उत्तर पाठ करून घेतलं होतं: नातेवाइकांच्या लग्नात. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. मग टेबलाकडे बघत बोलायला लागला.

"ती खिडकीपाशी बसली होती. कामात होती. मागची काच तडकलेली. मी म्हटलं, खुर्ची सरकवा. तिला राग आला..."

मी दुभाषी आहे. मला सांगावंच लागलं. "ती खिडकीपाशी बसली होती," मी साहेबांच्या भाषेत म्हणाले. "मी म्हटलं, खुर्ची सरकवा. तिला राग आला."

"तिनं दोनच बोटं सरकवली. रागात कागद उलटा धरला होता. मला वाटलं, ही काच हिच्यावर पडायच्या आत मी हिला उचलून बाजूला घ्यावं. तेव्हापासून मी जी काच पुसली ती तिच्यासाठी पुसली."

"...ती तिच्यासाठी पुसली," मी म्हणाले.

"तिच्यासारखं दुसरं कुणी मला भेटलं नाही. भेटणार नाही. मी तिच्याबरोबर म्हातारा होणार होतो."

'होणार होतो' हे मी होतं तसंच सांगितलं. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. आवाज कापला तेवढा रेकॉर्डिंगमध्ये असेल. अधिकारी बाईंचा चेहरा मऊ झाला होता. त्यांनी वहिनीकडे वळून विचारलं, "हे बरोबर आहे?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. "सगळं खरं आहे," ती म्हणाली. "मी बघितलंय."

"तुम्हाला आणखी काही सांगायचंय?" बाईंनी त्याला शेवटचं विचारलं.

तेव्हा त्यानं त्या खोलीत पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. भिंगरीनं चाचपडत त्याची बाही शोधली आणि मुठीत धरली.

"काय म्हणतायत?" बाईंनी मला विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "ते गप्प आहेत."

त्यांनी शिक्का मारला.

त्यांची बस नवव्या दिवशी पहाटेच गेली. मला निरोपाला जायची परवानगी नव्हती, कर्मचाऱ्यांना नसतेच. मी नेहमीच्या वेळेला आले. टेबलामागचा पुठ्ठा निघाला होता आणि चौकटीत काच होती. जाड काच. कडेची पुट्टी अजून ओली होती, खालच्या कोपऱ्यात अंगठा दाबलेला. मला मोठ्यानं रडायचं होतं. पण दार उघडलं होतं, नवी बस आली होती आणि रांग आत येत होती.

मी खुर्ची दोन बोटं मागे सरकवली, जिथं होती तिथं. पाठीला आज गारठा लागत नव्हता. मी कोरा फॉर्म पुढे ओढला, सुलटा आहे ना ते पाहिलं आणि पहिल्या माणसाला हाक मारली.