माइक बंद होता

कुमाई या बंदराच्या गावात माणसं तळमजल्यावर राहतात आणि वरचे मजले पाकोळ्यांचे असतात. माणसांच्या मजल्याला खिडक्या असतात, पाकोळ्यांच्या मजल्यांना एकही नाही. नुसतं छपराखाली एक चौकोनी भोक, संध्याकाळी आत यायला आणि पहाटे बाहेर पडायला. पाकोळी आपल्या लाळेचं घरटं विणते, ते घरटं जहाजाने जातं आणि दूर चीनमध्ये पैसेवाले त्याचं सूप करून पितात. जगात दुसऱ्या कुणाच्या थुंकीला एवढा मान मिळाल्याचं ऐकिवात नाही. म्हणून गावातल्या प्रत्येक छपरावर भोंगा असतो आणि तो दिवसभर चिवचिवत असतो: या, इथे या, इथे आधीच खूपजणी आल्यात. बहुतेक छपरांवर ही थाप असते. पण पाकोळीलाही गर्दीचं घर आवडतं.

मस्तुराच्या छपरावरचा भोंगाही चिवचिवत होता. त्याला कुणी विचारत नव्हतं.

नवरा, सबेरान, गेला तेव्हा ती इद्दतीला बसली. विधवेने ते महिने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि वरच्या मजल्यांचा जिना तर घराबाहेरून. तेव्हा वरची किल्ली धाकट्या दिराकडे गेली, हाजी दरमावीकडे. इद्दत संपल्यावर मस्तुरा वर चढली तर घरटी लागतात त्या छताच्या फळ्या कोऱ्या होत्या आणि पाखरू एक नव्हतं. दरमावी म्हणाला, चोर येऊन गेले. गाव हळू आवाजात म्हणत होतं की अंडी असलेली घरटी कुणीतरी खरवडून नेली, अंडी खाली टाकली, आणि चोराला काही कुलूप तोडावं लागलं नाही.

सबेरानला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे इमारतीत भावाचाही वाटा होता. शेवटी घरच्या मोठ्यांनी ठरवलं: येत्या शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांनी जमायचं. पाकोळ्या आत शिरताना दिसल्या तर इमारत मस्तुराची. नाही दिसल्या तर दरमावी तिथे खताचं गोदाम करणार आणि मस्तुराने सुराबायाला बहिणीकडे राहायला जायचं.

"मी आयुष्यभर लोकांना सुराबायाला धाडलंय," मस्तुरा म्हणाली. "मी स्वतः कशाला जाऊ?"

हे खरं होतं. निवृत्त होईपर्यंत ती कुमाई बंदरात जहाजांच्या वेळा पुकारायची. तिने 'सर्व प्रवाशांनी लक्ष द्यावे' म्हटलं की तिकीट न काढलेले लोकसुद्धा उभे राहायचे. आवाज, तारा, मायक्रोफोन ही तिची रोजची भाकरी होती, तेव्हा पाखरांना बोलवायचं म्हणजे आवाज चांगला पाहिजे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने सांपित शहरातल्या एका बाईकडून नावाजलेला पाकोळी-आवाज विकत घेतला. पण ती बाई हुशार. आवाज वाजायचा फक्त तिनेच दिलेल्या प्लेअरमध्ये, लॅपटॉपवर. त्याची नक्कल निघत नव्हती. आणि वरच्या अॅम्प्लिफायरला तर पेन ड्राइव्ह लागायचा.

उपाय एकच. लॅपटॉप जे वाजवतो तेच लॅपटॉपने आतल्या आत रेकॉर्ड करायचं.

बुधवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने ते काम काढलं. शेजारची रुहाना तळलेली केळी घेऊन आली होती आणि जायचं नाव घेत नव्हती. पहिलं रेकॉर्डिंग झालं, लावून पाहिलं, तर शुकशुकाट. पडद्यावर सरळ रेघ.

"अचिल, मेला वाटतं," रुहाना म्हणाली. अचिल म्हणजे मावशी. गल्लीतल्या सगळ्यांचीच ती अचिल होती.

"मेला नाही. आंधळा आहे. कुठून ऐकायचं ते त्याला कुणी सांगितलं नाही."

साउंड कार्डाच्या सेटिंगमध्ये बंद केलेली उपकरणं लपवून ठेवलेली असतात. मस्तुराने ती दाखवायला लावली, त्यात 'स्टिरिओ मिक्स' सापडलं, ते चालू केलं आणि पुन्हा रेकॉर्ड केलं. या वेळी आवाज आला. तो रुहानाचा होता. आपली सासू मिठाला कशी जपते, हे ती इत्थंभूत सांगत होती.

"हे माइकनं घेतलं," मस्तुरा म्हणाली. "हे छपरावर लावलं तर पाकोळ्या नाही, तुझी सासू येईल."

मग तिने माइक बंद केला. सेटिंगमध्ये बंद केला आणि वर भोकावर चिकटपट्टी लावली, कारण बंदरातल्या नोकरीने तिला एवढं शिकवलं होतं की बंद केलेल्या माइकवर विश्वास ठेवू नये. हेडफोन कानाला लावले. रेकॉर्डिंग सुरू केलं.

पाकोळ्या. शेकडो पाकोळ्या. अंधाऱ्या खोलीत फडफडणारे पंख, वाट काढताना त्या करतात ती टकटक, पिल्लांची बारीक किरकिर. नावाजलेला आवाज खरंच नावाजण्यासारखा होता. मस्तुरा खूश होऊन प्लेअरकडे बघायला गेली, तर प्लेअर तिने सुरूच केलेला नव्हता.

तिने रेकॉर्डिंग थांबवलं आणि लावून पाहिलं. सरळ रेघ. पुन्हा सुरू केलं. कानात भरलेलं घर. थांबवलं, रेघ.

तिने चार्जर काढला, बॅटरीवर चालवून पाहिलं. साउंड कार्डाचा ड्रायव्हर काढून नवा घातला. इंटरनेट बंद केलं. हेडफोन बदलले. मग रुहानाच्या कानाला लावले.

"हे कुणाचं घर आहे, अचिल? नशीबवान आहे मेला."

"नीट ऐक. खाली अजून काही आहे का?"

रुहानाने डोळे मिटले. केळ्याचा तुकडा तोंडात तसाच राहिला. "कुणीतरी खरवडतंय," ती म्हणाली. "पत्र्याने. लाकडावर." मग थोड्या वेळाने, "आणि काहीतरी पडतंय. ओलं."

ते काय पडतं हे कुमाईत कुणालाही सांगावं लागत नाही. अंडी सिमेंटवर पडली की तसाच आवाज होतो.

मस्तुरा उठली, बाहेर गेली आणि जिना चढली. वरच्या दारावर तीनदा टकटक केली. आत पाखरं दचकू नयेत म्हणून इथे सगळेच तसं करतात. घर रिकामं असलं म्हणून तिने रीत सोडली नव्हती. आत ओलसर अंधार. टॉर्च फळ्यांवरून फिरली. फळ्या कोऱ्या, जमीन कोरडी. तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता आणि छपरावरचा तो खोटारडा भोंगा.

खाली आली तेव्हा रुहाना भिंतीला टेकून उभी होती. हेडफोन टेबलावर होते आणि तेवढ्यातूनही चिवचिवाट ऐकू येत होता.

"मशिदीतल्या उस्तादांना बोलवू या," रुहाना म्हणाली. "पाण्यावर दुआ फुंकून देतील."

"लॅपटॉपवर पाणी? ते राहिलंय तेवढं."

मस्तुराने हेडफोन चढवले. खरवडणं चाललंच होतं. पत्रा, टप्, पत्रा, टप्. तिच्या अंगावर काटा आला होता खरा, पण त्याच्याही आधी तिला राग आला होता. आपलं घर, आपल्या फळ्या, आणि कोणीतरी विचारल्याशिवाय वर काम करतंय. ती ताठ बसली आणि बंदरातला आवाज काढला.

"वर जे कोणी आहेत, त्यांनी ताबडतोब खाली उतरावे."

माइक बंद होता. त्यावर चिकटपट्टी होती.

कानातलं खरवडणं थांबलं.

पाखरंही गप्प झाली. त्या शांततेत वर कुणीतरी खाकरलं, घशात माशी अडकल्यासारखं, दोन हिसक्यांत. मग सावकाश पत्रा पुन्हा फळीला लागला.

"काम चालू दे," मस्तुरा म्हणाली. "पण घर माझं आहे, हे ऐकून ठेव."

दुसऱ्या दिवशी दरमावी मोजपट्टी घेऊन आला. गोदामाला दार केवढं करायचं, ते त्याला आधीच बघायचं होतं.

"शुक्रवार उद्या आहे, भावजी," मस्तुराने कॉफी ठेवली. "भिंत पळून जाणार नाही."

"वहिनी, कशाला हट्ट? लोक म्हणतात घराला काही लागलंय. मी घेतो म्हणतोय म्हणजे उपकारच समजा."

"समजले. बसा. जरा हे ऐका."

त्याने हौसेने हेडफोन लावले. मस्तुराने बटण दाबलं आणि त्याचं तोंड बघत बसली. आधी भुवया वर गेल्या. मग कप खाली आला. मग त्याने हेडफोन भाजल्यासारखे काढले.

"तुम्ही तेव्हा वर काही लावून ठेवलं होतं?"

"केव्हा, भावजी?"

दरमावीने कप बाजूला सारला. मग खाकरला, दोन हिसक्यांत. टेबलावरच्या हेडफोनमधूनही कुणीतरी तसंच खाकरलं, किंचित उशिरा.

"रेकॉर्डिंग आहे," तो म्हणाला. "कुठून तरी जोडून बनवलंय. दाखवा ना मग घरच्यांना, पुरावा म्हणून! लावा!"

तिने लावलं. सरळ रेघ. दरमावी हसला, पण मोजपट्टी न गुंडाळताच गेला. ती त्याच्यामागे रस्त्यावर सरपटत होती.

त्या दुपारी मस्तुराने विचार सोडून दिला आणि काम हातात घेतलं. फाइलमध्ये आवाज राहत नव्हता, हे मान्य. मग फाइल नकोच. साउंड कार्डाला सांगता येतं की जे ऐकू येतंय ते साठवू नको, थेट बाहेर सोड. सेटिंगमध्ये त्याला फक्त एक खूण करावी लागते. तिने ती केली. बंदरातल्या मोडीतून आणलेली लांब वायर लॅपटॉपला जोडली, खिडकीतून बाहेर काढली, जिन्यावरून वर नेली आणि अॅम्प्लिफायरमध्ये खोचली.

"अचिल, ते जे आत आहे ते बाहेर सोडणार तुम्ही?" रुहानाने विचारलं.

"ते आतच आहे. मी फक्त त्याला भाडं भरायला लावतेय."

शुक्रवारी सूर्य नदीपलीकडच्या जंगलात उतरत होता. घरचे सगळे रस्त्यात खुर्च्या टाकून बसले होते. दरमावी मधल्या खुर्चीत, पांढऱ्या टोपीत. गावावरून पाकोळ्यांचे थवे आपापल्या घरांकडे वळत होते आणि मस्तुराच्या छपराला टाळून जात होते.

तिने जुना भोंगा बंद केला. आत गेली, बटण दाबलं.

छपरावरून भरलेलं घर बोलायला लागलं. पंख, टकटक, पिल्लं. मग पत्रा. मग टप्.

खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. बायकांनी ओढण्या तोंडाला लावल्या. ते काय पडतंय हे प्रत्येकीला कळलं होतं. आणि मग छपरावरून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, कुणीतरी दोन हिसक्यांत खाकरलं.

सगळ्यांनी दरमावीकडे पाहिलं. त्याने तोंड घट्ट मिटलेलं होतं.

"बंद करा ते!" तो म्हणाला.

"पाहुणे यायचेत," मस्तुरा म्हणाली.

ते आले. नदीच्या बाजूने नाही आणि जंगलाच्या बाजूनेही नाही. ते सरळ वरून आले, दाट, काळे, आणि त्या चौकोनी भोकात ओतल्यासारखे शिरत राहिले. आजूबाजूच्या छपरांवरचे भोंगे चिवचिवत होते, पण हा थवा तोंडाने काहीच बोलत नव्हता. खुर्च्यांवर हात टेकून म्हातारे उभे राहिले. कुणीतरी कलमा म्हटला.

"वटवाघळं आहेत!" दरमावी ओरडला. "मी बघून येतो!"

"टकटक करा आधी," मस्तुरा म्हणाली.

तो जिना चढला. टकटक केली नाही. दार उघडलं, टॉर्च आत केली.

तो तसाच उभा राहिला.

मग त्याने दार हळूच ओढून घेतलं, आत मूल झोपलेलं असावं तसं. बंद दारावर तीनदा टकटक केली. आणि खाली आला.

"आहेत?" म्हाताऱ्यांपैकी एकाने विचारलं.

"आहेत," दरमावी म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "घर वहिनींचं."

त्यानंतर तो त्या गल्लीत आलेला नाही. वर काय पाहिलं, हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही असं रुहाना म्हणते, आणि रुहानाला हे कळायला किती कष्ट पडले असतील याची कल्पना करता येते.

मस्तुराने त्याच संध्याकाळी वायर उपटली आणि लॅपटॉप कपाटात ठेवला. वरचं घर बोलायचं थांबलं नाही.

आता ती रोज सकाळी वर जाते, टकटक करते, केरसुणी घेऊन. झाडायला काही नसतं. एवढी पाखरं, पण जमिनीवर विष्ठेचा ठिपका नाही, पीस नाही. पहाटे छपराखालच्या भोकातून कुणी बाहेर पडताना तिने पाहिलेलं नाही. घरटी मात्र आहेत. पांढरी, स्वच्छ, कुमाईत कुणाकडे नाहीत अशी. ती एकही काढत नाही.

"माझं घर आहे, मला वाटेल तेव्हा काढीन," ती रुहानाला सांगते. "तोवर राहू दे त्यांना. मला कुणी इथून हलवायचं नाही, आणि त्यांनाही नाही."

पाकोळी घरटं वरच्या फळीला बांधते, छताला लागून. ही घरटी तिथून सुरू झाली. मग त्यांची एक रांग भिंतीवर आली. दुसरी तिच्याखाली. सर्वांत खालची रांग आता मस्तुराच्या खांद्याशी आली आहे आणि दाराजवळच्या कोपऱ्यातलं घरटं इतरांपेक्षा मोठं आहे. काल तिने त्यात हात घालून पाहिलं. ते कोमट होतं, कोपरापर्यंत खोल, आणि माणूस बसेल एवढं नव्हतं. अजून.