एकोणतीस तासांचा पंप

चारशे बारा टॅग, आणि त्यांतल्या एकतीस नोंदी चुकीच्या. अनघाने तिसऱ्यांदा पडताळून पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

परदेशात, बुकित बातोकच्या त्या स्टोअरमध्ये लष्करी विमानांचे सुटे भाग येत. प्रत्येक भागाला कागदी टॅग, आणि टॅगवर तो भाग अजून किती तास उडू शकेल तो आकडा. आकडा कंप्युटरमध्ये चढला की नवा भाग कधी मागवायचा, जुना कधी काढायचा, हे अनघाचं मॉडेल सांगे. तीन आठवड्यांपूर्वी एका प्रशिक्षण विमानाचा इंधनपंप हवेतच बंद पडला. टॅगवर २९ तास होते, कंप्युटरमध्ये ३९. वैमानिक वाचला, पण त्याचा कणा मोडला.

नोंद सुपरवायझर चंद्रशेखर यांच्या लॉगिनने झाली होती. पाचव्या दिवशी ते हार्ट अटॅकने गेले. मग काय, खापर फोडायला डोकं आयतंच मिळालं. सगळे मोकळे झाले.

फक्त त्यांच्या बायकोने, सविताकाकूंनी, सकाळी फोन केला होता. "अनघा, हे असे चुकणारे नव्हते गं. चारला तुझा चौकशीचा अहवाल जाणार म्हणे. त्याआधी एकदा बघ."

अनघाने प्लॅनिंगच्या धवलला गाठलं.

"तास वाढले की ऑर्डरी कमी होतात. कौतुक तुझं होतं," ती म्हणाली.

"म्हणून मी आकडे फिरवले? मग एकतीसच कशाला फिरवेन?"

मुद्दा बरोबर होता. "या नोंदी साडेबारा ते सव्वाच्या आहेत. तेव्हा स्टोअरमध्ये कोण असायचं?"

"लंचला? चंद्रशेखर आणि त्यांची इरा. ती वर क्वालिटी विभागात आहे ना, डबा घेऊन खाली यायची. बापलेक मराठीत काहीतरी बोलत बसायचे. छान वाटायचं बघायला."

अनघा पुन्हा यादीकडे वळली. २९ चे ३९. ४९ चे ५९. ६९ चे ७९. शेवटी नऊ असलेलेच आकडे, आणि दर वेळी बरोबर दहा जास्त. १९ आणि ९९ मात्र एकदाही चुकले नव्हते. पुण्यात शाळेत म्हणायची तसे तिने ते आकडे पुटपुटून पाहिले आणि मध्येच थांबली. तिला फार वाईट वाटलं.

दोन वाजता ती चंद्रशेखर यांच्या फ्लॅटवर पोचली. सविताकाकूंनी चहा ठेवला. इरा सोफ्यावर फोन घेऊन बसली होती.

"इरा, मी सांगते तो आकडा लिही. एकोणसाठ."

इराने पेन उचललं, मग खाली ठेवलं.

"व्हाय, अनघाताई? टेस्ट आहे का?"

"लिही ना."

"मला माहितेय आता," इरा हळूच म्हणाली. "फिफ्टी-नाइन."

"आणि महिन्यापूर्वी?"

इराने पेन दूर सरकवलं.

अनघा काकूंकडे वळली. "काका मराठी शाळेतले. ते एकोणसाठला एकोणसत्तर समजणं शक्य नाही. आकडा कुणीतरी मराठीत ऐकून टाइप करत होतं, आणि त्या कुणाला 'एकोणसाठ' म्हणजे साठ आणि वर नऊ, असं वाटत होतं. एकोणीस सगळ्यांनाच येतं. नव्याण्णवला एकोण नाही. म्हणून ते दोन वाचले. इरा, का टाइप करत होतीस?"

"बाबांना स्क्रीन दिसत नव्हती. कागद भिंगाने वाचायचे. मेडिकल टेस्टमध्ये कळलं असतं तर घरी बसवलं असतं. कुणाला सांगू नकोस म्हणाले. मी फक्त हेल्प करत होते."

"तुला चूक कधी कळली?"

"पंप बंद पडला त्या दिवशी. बाबांनी मला तो टॅग वाचायला लावला. मी म्हटलं, ट्वेंटी-नाइन. तर म्हणाले, मग तेव्हा मीच चुकीचं वाचलं असणार. रात्री मी फोनवर एकोणतीस म्हणजे किती ते शोधलं." तिने फोन उपडा ठेवला. "मी घाबरले. नंतर ते गेलेच. वाटलं, आता त्यांना काय होणार?"

गॅसवर चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

"काकू, अहवालात हे सगळं येईल," अनघा म्हणाली. "इराचं नाव येईल. काकांनी डोळ्यांचं लपवलं, तेही."

"येऊ दे." सविताकाकू लेकीकडे पाहत होत्या. "पण ते बरोबर वाचत होते, हे आधी लिही."

"लिहिते."

"शेवटचे चार दिवस रोज कॅलेंडरपुढे उभे राहायचे. भिंग धरून एकेक तारीख मला वाचून दाखवायचे. म्हणायचे, सविता, सांग, कुठे चुकतोय मी?" काकू लेकीशेजारी जाऊन बसल्या. मग त्या म्हणाल्या, "एकही चुकली नाही, इरा. तू आत झोपली होतीस तेव्हा. एकसुद्धा चुकली नाही गं."