ग्रिडला दहा लाख ओहम

विषय : ग्रंथालयाच्या सभागृहातील जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा ग्रिड रेझिस्टर.
संदर्भ : मंगळवार, १८ फेब्रुवारी, रात्री पावणेदहा ते अकरा.

आयुष्य कचेरीत गेलं की भूतसुद्धा विषय-संदर्भासकटच सांगावं लागतं. तर मुलांनो, ही हकिगत आपल्या रेडिओ मेकॅनिकची. खुद्द त्याच्या तोंडची. खोटं सांगणारा माणूस स्वतःला इतकं हलकं करून घेत नाही, म्हणून खरी धरायची.

काम साधं होतं. दीड वर्ष जळून पडलेला अ‍ॅम्प्लिफायर नव्या चिटणिसांना चालू करून हवा होता. मेकॅनिकने मुद्दाम रात्रीची वेळ घेतली. ट्रान्सफॉर्मर उघडपणे बदलायचा होता. एक रेझिस्टर मात्र कुणाच्या नकळत.

ग्रिड म्हणजे व्हॉल्व्हमधली, त्या काचेच्या दिव्यामधली, नळाची चावीच समजा. तिच्या रेझिस्टरला मर्यादा असते. फार मोठा घातला, तर व्हॉल्व्ह तापेल तशी चावी आपोआप उघडत जाते आणि व्हॉल्व्ह स्वतःलाच जाळून घेतो. इथे मर्यादा होती दोन लाख वीस हजार ओहमची. मागच्या दुरुस्तीच्या वेळी मेकॅनिकच्या डबीत होता दहा लाखांचा. "आवाज तर तोच येतो," म्हणत त्याने तो ठोकून दिला, दहा मिनिटं वाजवून पाहिला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी व्याख्यानाच्या तिसऱ्या तासाला धूर निघाला.

दर कार्यक्रमाआधी माईकवर "मागे ऐकू येतंय का?" विचारणारा म्हातारा ऑपरेटर चौकशीत म्हणाला, "साहेब, मी आवाज वाढवला नव्हता हो."

"तुमचं काय मत?" तेव्हाच्या चिटणिसांनी मेकॅनिकला विचारलं.

"वय झालंय त्यांचं. पिळली असेल आवाजाची चावी."

सगळे हसले. ऑपरेटरही हसला, कसनुसा. 'निष्काळजी' असा शेरा मारून त्याला घरी बसवलं. सहा महिन्यांत तो गेला. मेकॅनिक अंत्ययात्रेला गेला होता. मागून चालला.

तर त्या रात्री त्याने दहा लाखांचा काढून खिशात टाकला, बरोबर मापाचा जोडला, खालच्या पत्र्याचे चारही स्क्रू आवळले आणि बटण दाबलं. या वेळी मात्र पाऊण तास थांबला. व्हॉल्व्ह मंद, नारिंगी. सगळं ठीक.

मग स्पीकरमध्ये कुणीतरी खाकरलं.

माईक जोडलेलाच नव्हता. आवाजाची चावी शून्यावर.

"मागे... ऐकू येतंय का?"

मेकॅनिकने बटण बंद केलं. व्हॉल्व्ह विझले.

"मागे ऐकू येतंय का?"

रिकाम्या खुर्च्या. तो उभा.

"येतंय," तो म्हणाला.

"मग तसं लिहून द्या."

...

"घाबरला असेल ना, काका?"

नाही रे. लाजला. घाबरलेला माणूस पळू तरी शकतो.

त्याने खिशात हात घातला. हाताला लागला तो बरोबर मापाचा, नवा रेझिस्टर. आवळलेले स्क्रू काढून पाहिलं. आत दहा लाखांचा, जागच्या जागी. कथिलाचा सांधा ताजा, चकचकीत. त्याची कथिल वितळवायची कांडी पिशवीत थंडगार पडलेली.

त्याने अ‍ॅम्प्लिफायर तसाच ठेवला. सकाळी अर्ज दिला : चूक माझी आहे, ऑपरेटरच्या नावापुढचा शेरा काढावा.

"गेलेल्या माणसाला काय फरक पडतो हो?" नवे चिटणीस म्हणाले, पण अर्ज घेतला, पोचही दिली. त्यानंतर कार्यकारिणीच्या तीन बैठका झाल्या. वेळेअभावी विषय पुढे ढकलला आहे. अर्ज प्रलंबित.