मसाटमधली दुपारची झोप

मसाटच्या कारखान्यांमागच्या चाळींत लोक दुपारी झोपतात. सुकदेवचं हृदय अशक्त झाल्यावर डॉक्टर अलका मॅडमनी त्याची रातपाळी सोडवली, पण अंगवळणी पडलेली दुपारची झोप काही सुटली नाही. म्हणून मॅडमचा तंत्रज्ञ हर्षल श्वासाचं मशीन घेऊन भर उन्हात त्याच्या खोलीवर आला होता.

झोपेत सुकदेवचा घसा मिटायचा. घोरणं चढत जायचं आणि एकदम बंद. दर वेळी त्या थकल्या हृदयावर ताण यायचा. माणूस वर्षभर तगला कसा, याचंच हर्षलला नवल वाटत होतं.

"मी जोरात दम घेते ना भाऊ, मंग ते बी घेता," सुकदेवच्या उशाशी बसलेली त्याची बायको बायडाबाई म्हणाली. "झोपेत ऐकू येतं त्यांना."

हर्षल गालातल्या गालात हसला. त्यानं सुकदेवच्या छातीला मशीनच्या तारा लावल्या. सुकदेवचा डोळा लागला, श्वास अडला. बायडाबाईनं एक खोल, आवाजी श्वास घेतला आणि मशीनच्या पडद्यावरची श्वासाची सपाट रेघ उठली. पुढच्या वेळीही तेच. हर्षलचं हसू कुठल्या कुठे गेलं. सकाळी चार घरची धुणीभांडी आणि दुपारी हे! वर्षभर ही बाई अशी जागत होती. त्याला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

त्यानं सुकदेवला मास्क चढवला, हवेचा दाब बेताबेतानं वाढवला. घोरणं थांबलं. रेघ एकसारखी चालू लागली.

"मावशी, आता तुम्ही पडा जरा. मशीन बघेल त्यांच्याकडे."

"नक्की ना, भाऊ?"

"नक्की."

ती तिथंच फरशीवर कलंडली आणि गाढ झोपली. हर्षलला फार बरं वाटलं. आज आपल्या हातून खरंच काहीतरी चांगलं झालं होतं.

मग खोली जरा जास्तच शांत वाटू लागली. त्यानं पडद्याकडे पाहिलं. सुकदेव ठीक होता.

बायडाबाईचा श्वास थांबला होता.

"मावशी."

त्यानं तिचा खांदा गदागदा हलवला. ती जागी होईना. ओठ काळसर पडत चालले होते.

काहीच सुचेना, तेव्हा त्यानं मोठ्यानं श्वास घेतला.

तिनंही घेतला.

तो थांबला. तीही थांबली.

त्यानं घाईनं पुन्हा घेतला.

खिशात फोन वाजायला लागला. अलका मॅडमच असणार. पण बोलायचं म्हणजे एक श्वास चुकणार.

हर्षलनं फोन वाजू दिला.