नानांचा पुलावरचा फोटो

ही घटना खरी आहे. नवल धुळ्यात कॉलेजात गणित शिकवतो. कल्पनाशक्तीचा आरोप त्याच्यावर आजवर कुणी केलेला नाही.

मागचा डिसेंबर. रविवार, दुपारचे चार. लख्ख ऊन. जागा, सुरतेतला तापीवरचा केबल पूल.

सोबत वडील, गिरधर नाना. वय ऐंशी, गाव शिरपूरकडे तापीकाठी. त्यांना एकच हवं होतं... आपल्या पश्चात भिंतीवर लावायला एक धड फोटो. नवलच्या आईचा तसा कधी काढलाच नव्हता. ती गेल्यावर लग्नाच्या घोळक्यातून कापून घ्यावा लागला. त्यात आजही व्याह्यांचं कोपर दिसतं.

"मना फोटोमा कोनंच कोपर नको," नानांनी बजावलं होतं. तापी आपलीच, पूल नवा, तेव्हा फोटो तिथेच, हा हट्टही त्यांचाच.

नवलने पहिला फोटो काढला.

कठडा आला. उंच खांब आला. पंख्यासारख्या पसरलेल्या केबल्स आल्या. मागे शेंगदाणे खाणारं कुटुंबसुद्धा आलं.

नाना आले नव्हते.

नवलने चष्मा पुसला. मग लेन्स. दुसरा फोटो. तिसरा. अकरावा...

प्रत्येकात कठडा रिकामा. समोर मात्र नाना टोपी सारखी करत उभे.

आणखी एक गोष्ट. बटण दाबलं की पुलावरचे सगळे आवाज थांबायचे... हॉर्न, रिक्षा, वारा. बोट उचललं की पुन्हा सुरू.

नवल आधी फोनवर चिडला. मग तो फोन पसंत करणाऱ्या बायकोवर, सुलक्षणावर. ती धुळ्यात होती, म्हणून शेवटी नानांवर. जरा नीट उभं राहता येत नाही का, असं बोलून गेला.

"मी त आठेच शे," नाना जागचे न हलता शांतपणे म्हणाले.

शेंगदाणेवाल्या कुटुंबातल्या बाईला दया आली. तिने बापलेकांना जवळजवळ उभं केलं, फोटो काढला, स्क्रीन पाहिली... आणि फोन नवलच्या हातात कोंबून, पोरं गोळा करून निघून गेली.

फोटोत नवल एकटा. हात हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा.

"दे आठे," नाना म्हणाले. "तू उभा ऱ्हाय. मी काढस."

नवल कठड्याशी जाऊन उभा राहिला. नानांनी जन्मात पहिल्यांदा फोनचं बटण दाबलं.

आवाज थांबले... या वेळी जरा जास्तच वेळ.

फोटो सुरेख आला. केबल्स, तापी, ऊन. मधोमध नाना. टोपी सरळ, चेहऱ्यावर किंचित हसू.

नवल त्यात कुठेच नव्हता.

"आते बरा निंघना," नाना म्हणाले. "हाऊच लाव."

फोटोला चौकट झाली. नाना ठणठणीत आहेत. रोज त्या फोटोखाली बसून भाकरी खातात.

गेल्या आठवड्यात कॉलेजने नवलकडे ओळखपत्रासाठी फोटो मागितला. स्टुडिओवाल्याने त्याला खुर्चीत बसवलं, मान सरळ करायला लावली, फोटो काढला. मग कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बराच वेळ डोळे खिळवून राहिला...

"सर," तो वर न बघताच वैतागून म्हणाला, "बसा ना खुर्चीवर."

नवल बसलेलाच होता.